चर्चची विहीर खारट झाली आहे. धर्मग्राम म्हणून आपण काय करायचं?

वाडीची_लेक

नमस्कार. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. गेली दोन वर्षं आमच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या हद्दीतल्या मंडळीच्या) पॅरिश कौन्सिलवर आहे. हा धागा काढण्याचं कारण एक विहीर आणि एक ठराव.

विहीर चर्चच्या मागे आहे, दफनभूमीच्या कुंपणापासून बरीच लांब. मी लहान असताना सणाच्या दिवशी दीडशे माणसांचा स्वयंपाक तिच्याच पाण्यावर व्हायचा. आता एप्रिल-मे महिन्यांत ते पाणी तोंडात धरवत नाही. गेल्या उन्हाळ्यात टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) मोजून घेतला, १,९०० च्या वर निघाला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० चा आकडा आहे. दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. म्हणजे आम्ही अगदी काठावर आलो आहोत.

ठराव असा की चर्चचं सगळं आवार पेव्हर ब्लॉकने झाकायचं. पावसाळ्यात चिखल होतो, लग्नाला आलेल्या गाड्या रुततात, म्हणून. देणगीदारही तयार आहेत. आवारातलं चिंचेचं झाड 'मधे येतं'. पुढच्या महिन्यात निर्णय आहे.

याच आवारात मागच्या ५ जूनला आम्ही ४० रोपं लावली होती. फोटो काढले, फादरांनी आशीर्वाद दिला, मुलांनी गाणं म्हटलं. मार्चमध्ये मी एकटीच वही घेऊन फिरले. सात जगली होती. त्या दिवसापासून मनात एकच गोष्ट घोळते आहे. आपण दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर 'सृष्टीचा काळ' पाळतो, पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या पर्यावरणविषयक 'लाउदातो सी' परिपत्रकावर प्रवचनं ऐकतो, आणि त्याच चर्चच्या छपरावरचं पाणी गटारात सोडतो. आपल्या ताब्यात जे आहे, ते छप्पर, ती विहीर, ती जमीन, तिथून सुरुवात नको का?

मला कौन्सिलपुढे नीट बोलायचं आहे. ज्यांच्या मंडळीने, चर्चने काही प्रत्यक्ष केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, हिंदू, कोणीही.

---

आगाशीकर

ताई, मी ख्रिस्ती नाही, वाडवळ आहे, पण हा विषय माझाही आहे म्हणून लिहितो.

१९८०चं दशक संपत आलं होतं. आमच्या वाड्यांमधल्या विहिरींवर रात्री मोटारी लागायच्या आणि टँकर भरभरून पाणी इमारतींच्या बांधकामाला जायचं. विकणारे आपलेच होते, हे आधी कबूल करायला हवं. केळीला पाणी घालून मिळणार किती, टँकर विकून लगेच मिळणार किती, हा साधा हिशेब होता. दोन-तीन उन्हाळ्यांत विहिरी मचूळ झाल्या. पानवेली आधी गेल्या, मग केळी. तेवढ्यात हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा करणारे नियोजनाचे निर्णय येऊ लागले.

तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, नंदाखालचे. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. माझ्या डोळ्यांसमोर आजही तो मोर्चा आहे. लाल लुगड्यातल्या कुपारी (इथल्या ख्रिस्ती) बायका, आमच्या आळीतल्या बायका, मुसलमान शेतकरी, सगळे एका रांगेत. दडपण होतं, धमक्या होत्या. फादरांना पुष्कळांनी सुनावलं की तुमचं काम मिस्सा (चर्चमधली उपासना) करणं, पाण्यात कशाला पडता. ते मागे हटले नाहीत.

पुढे ते २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा महाराष्ट्राला त्यांची ओळख लेखक म्हणून झाली. २५ जुलै २०२४ ला ते गेले. आम्हा वसईकरांना ते पाण्याचे फादर म्हणून आठवतात.

हे एवढ्यासाठी सांगितलं की तुमच्या कौन्सिलमध्ये कोणी म्हणालं, 'चर्चचा आणि पाण्याचा काय संबंध?', तर उत्तर वसईतच आहे.

---

पाझर

भूजलाचं काम करतो, पुण्यात असतो. विहीर खारट का होते ते आधी समजून घेऊ, म्हणजे पेव्हरचा मुद्दा आपोआप उलगडेल.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी थोडं जड असतं. ढोबळ नियम असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोड्या पाण्याचा थर टिकतो. याची दुसरी बाजू भयंकर आहे. उपसा वाढून ती पातळी अर्धा मीटर उतरली, तर खारं पाणी खालून सुमारे २० मीटर वर सरकतं. म्हणून वसईत विहीर आटण्याआधी खारट होते. वर पाणी दिसत असतं आणि माणूस गाफील राहतो.

आता छप्पर. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमच्या चर्चचं छप्पर किती आहे माहीत नाही, ५०० चौ.मी. धरतो. वर्षाचा पाऊस २,००० मिमी धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी ८ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ८० टँकर. एका छपरावरून.

वरून ही कौलारू उतरती छपरं पाणी गोळा करायला उत्तम असतात. फक्त पन्हळ आणि पाइप जोरदार पावसाच्या हिशेबाने घ्या. तासाला ५० मिमी पडला तर एवढ्या छपरावरून तासात २५,००० लिटर येतं. पावसाचे दिवस कमी आणि धुवांधार सरी जास्त, असं आता वारंवार होतं आहे. जुन्या अंदाजाने बसवलेले दोन पाइप अशा सरीत ओसंडून जातात आणि लोक म्हणतात योजना फसली. पन्हळीला उतार आणि ११० मिमीचे सहा-आठ पाइप घाला.

पेव्हरबद्दल: खाली काँक्रीट ओतून सांधे बंद केले तर त्या जागेवरचा जवळजवळ सगळा पाऊस वाहून जातो. जो पाऊस विहिरीला मिळायचा तो शेजाऱ्याच्या अंगणात शिरतो.

---

ग्रेस_मावशी

मी ७१ वर्षांची. ताई, तुझं सगळं पटतं, पण चिखलाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. दोन वर्षांपूर्वी फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेत घसरले आणि मनगट मोडलं. सहा आठवडे मिस्साला जाता आलं नाही. माझ्यासारख्या दहा-बारा जणी आहेत, एक भाऊ चाकाच्या खुर्चीवर येतो. ज्यांनी ठराव मांडला त्यांना आमचीच काळजी आहे. ते वैरी नव्हेत.

---

वाडीची_लेक

मावशी, खरं आहे. मी ते लिहायला हवं होतं. ठराव मांडणारे काका स्वतः दर रविवारी तीन म्हाताऱ्यांना गाडीतून चर्चला आणतात.

---

पाझर

मावशींच्या मुद्द्यावर सोपी वाट आहे. सगळं आवार आणि चालायची वाट यांत फरक करा. फाटक ते दार, दार ते दफनभूमी, एवढाच दीड-दोन मीटरचा पट्टा खरखरीत फरशीचा करा, खाली काँक्रीट न ओतता खडी आणि वाळूवर, सांधे मोकळे ठेवून. गाड्यांच्या जागेवर जाळीचे ब्लॉक मिळतात, मधे गवत उगवतं. उरलेलं मातीचंच राहू दे. चिंच तोडू नका. तिची मुळं जमीन भुसभुशीत ठेवतात, पाणी मुरायला तीच मदत करते.

---

साक्षी७७

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये. बायबलात २ पेत्र ३:१० मध्ये स्पष्ट आहे की सृष्टीतत्त्वे तापून लयास जातील. प्रभू लवकर येणार आहे. मंडळीचं पहिलं काम आत्मे जिंकणं आहे. झाडं, पाणी, हवामान यासाठी सरकार आहे, संस्था आहेत. आमच्या मंडळीतही हल्ली प्रार्थनेपेक्षा कार्यक्रमच जास्त झाले आहेत. मला भीती वाटते की आपण सुवार्ता विसरू.

---

पाळक_मावळ

साक्षीभाऊ, भीती समजते. मीही पंधरा वर्षं असंच शिकवलं, म्हणून प्रेमाने उत्तर देतो.

तुम्ही तिसऱ्या अध्यायाचं दहावं वचन घेतलं. तीन वचनं पुढे या. तिथे नव्या आकाशाची आणि नव्या पृथ्वीची वाट पाहायला सांगितलं आहे, जिथे नीतिमत्त्व राहतं. ज्या घरात नीतिमत्त्व राहणार आहे त्याची तयारी आज अनीतीने कशी होईल? प्रकटीकरण ११:१८ मध्ये तर पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांचाच न्याय आहे. आणि लूक १२ मधला तो कारभारी आठवा. धनी यायला उशीर लागेल म्हणून तो चाकरांना मारू लागला. धनी लवकर येणार असेल तर घर आवरून ठेवायला नको का?

उत्पत्ती १:२८ मधला 'सत्ता चालवा' हा शब्द आपण फार लाडका केला. पुढच्याच अध्यायात, २:१५ मध्ये, माणसाला एदेन बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. मूळ हिब्रूत 'अबाद' आणि 'शामार' अशी क्रियापदं आहेत. 'अबाद' म्हणजे राबणं, सेवा करणं. देवाच्या सेवेसाठीही हाच शब्द येतो. 'शामार' म्हणजे राखण. परमेश्वर तुझं संरक्षण करो हा जो आशीर्वाद मी दर रविवारी देतो, त्यातही तोच. मराठी पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) 'मशागत' हा शब्द ज्यांनी घातला त्यांना शेतकऱ्याचं मन कळलं होतं. मशागत करणारा जमिनीचा मालक असेलच असं नाही, पण तो तिच्याकडे रोज पाहतो.

लेवीय २५ मध्ये सातव्या वर्षी जमिनीला विसावा आहे. अनुवाद २०:१९ मध्ये शहराला वेढा घातलेला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवायची नाही. युद्धात मनाई, आणि आपण गाड्या लावायला चिंच तोडणार?

सुवार्ता विसरण्याचा प्रश्न नाही. माझ्या मंडळीतले निम्मे लोक शेतमजूर आहेत. अवकाळी पावसाने कांदा गेला की त्यांच्या घरची चूल विझते. त्यांना मी कोणती सुवार्ता सांगू, ज्यात त्यांच्या जमिनीचा उल्लेखच नाही?

---

साक्षी७७

पास्टरसाहेब, लूक १२ चा संदर्भ या बाजूने कधी पाहिला नव्हता. पूर्ण पटलं असं म्हणत नाही. वाचतो पुन्हा.

---

नगरी_बाभूळ

नगरकर (नाव अहिल्यानगर झालं तरी तोंडात नगरच येतं). आमच्या जिल्ह्याची दोन टोकं सांगतो, एक अभिमानाचं, एक दुखणारं.

स्वित्झर्लंडहून आलेले जेसुइट फादर हरमन बाखर. गावोगावचे लोक त्यांना बाखरबाबा म्हणायचे. १९७२चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि नुसत्या विहिरी खोदून, मोटारी बसवून पाणी टिकत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पाणी डोंगरावरच अडवायला हवं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर, बांधबंदिस्ती, ओघळींना दगडी बांध, आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर मोठा बांध. त्यांनी आणि फादर क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये नगरला वॉटर (WOTR) ही पाणलोटाचं काम करणारी संस्था काढली. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्याच पुढाकारातून आला.

मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती अट. पैसा गावाला सहज मिळायचा नाही. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव करायचा, मग काम. ज्यांच्या शेळ्या डोंगरावर चरायच्या त्यांची समजूत काढायला महिने लागायचे. बाया समितीत हव्याच. संगमनेर तालुक्यातली दरेवाडी पाहून या. उघडाबोडका डोंगर होता तिथे गवत आलं, टँकर थांबला. बाखरबाबा २०२१ मध्ये वारले. त्यांनी काम केलं त्या गावांतली बहुतेक माणसं हिंदू आहेत. तिथे कोणी धर्म विचारला नाही, तेही लिहून ठेवावंसं वाटतं.

आता दुखणं. मिशन कंपाउंड हा शब्द माझ्या पिढीच्या लोकांना माहीत आहे. शंभर-शंभर वर्षांचे कडुनिंब, चिंचा, वडाच्या पारंब्या, मोठी विहीर, कौलारू शाळा. शहर वाढलं तसं ते कंपाउंडच शहराचं शेवटचं सावलीचं ठिकाण उरलं. मी ज्या कंपाउंडमध्ये संडे स्कूलला गेलो त्याची निम्मी जागा कागदोपत्री कधी हातची गेली ते मंडळीला कळलंही नाही. सकाळी उपासनेला गेलो तर झाडं पडलेली. घुबडाची पिल्लं जमिनीवर होती, आमच्या महिला मंडळाच्या एका बाईने पदरात गोळा केली. तिथे आज गाळे आहेत. कोणाचं नाव घेत नाही, प्रकरण न्यायालयात आहे.

म्हणून माझं एक मागणं सगळ्या मंडळ्यांना आहे: आपल्याकडे जमीन किती, झाडं किती, विहिरी किती, याची यादी करा आणि वार्षिक सभेत जमाखर्चासोबत वाचा. मंडळीला माहीत असेल तरच ती राखेल.

---

वाडीची_लेक

तुमची यादीची कल्पना मी घेतली. पुढच्या सभेत झाडांची मोजणी मांडते. लावलेली नाही, जगलेली.

---

अर्नाळ्याची_होडी

आम्ही कोळी. विहिरीबद्दल मोठी माणसं बोलत आहेत, मी दर्याचं सांगतो. तौक्ते आलं १७ मे २०२१ ला तेव्हा मे महिन्यात असं वादळ माझ्या आज्यानेही पाहिलं नव्हतं. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर झाला. चांगलं झालं, पण जाळ्यात येतो तो तळहाताएवढा. अंडी घालायच्या आधीच पकडला तर उद्या काय राहणार? दर वर्षी होड्यांना आशीर्वाद देताना फादर सुरक्षेची प्रार्थना करतात. एकदा लहान मासा सोडून देण्याचीही शपथ द्या. फादरांपुढे घेतलेली शपथ आमच्याकडे मोडत नाहीत. आणि खाडीतली तिवरं तोडून भराव टाकणाऱ्यांविरुद्ध चर्चने बोलावं. तिवरं गेली की लाट सरळ घरात.

---

तिसवाडी

गोव्याहून. आमच्याकडे ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त (सण) असतं, राय गावात ५ ऑगस्टला. भाताची पहिली कणसं विळ्याने कापून, पाद्रीच्या हातून आशीर्वाद घेऊन घरी नेतात आणि देव्हाऱ्यात लावतात. लहानपणी शेतं भोवतालीच होती. नंतर वेळ अशी आली की फेस्त राहिलं आणि भोवतालची शेतं पडीक. कणसं कुठून तरी मिळवून आणायची.

आमच्या वाड्यावरच्या काही लोकांनी ठरवलं की फेस्ताची कणसं आपल्याच शेतातली हवीत. एवढ्या एका हट्टापायी तीन पडीक तुकडे पुन्हा लागले. खाडीकाठच्या खाजन शेतीत बांध फुटला की खारं पाणी शिरतं, एकट्या शेतकऱ्याला तो बांधणं परवडत नाही, मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची) दारं कोणी तरी वेळेवर उघड-बंद करावी लागतात. हे काम सगळ्यांनी मिळूनच करायचं असतं. मिस्सा संपल्यावर दारातच माणसं जमलेली असतात, तिथेच आम्ही पाळ्या ठरवल्या. वसईत जुने सण असतील तर ते पाहा, ताई. नवा कार्यक्रम शोधण्यापेक्षा जुन्या सणाचा माल कुठून येतो ते विचारणं सोपं जातं.

---

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये राहते, इथल्या अँग्लिकन चर्चच्या समितीवर आहे. इथली लढाई अगदी उलट, ऊब मिळवण्याची. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनॉडने (मुख्य सभेने) फेब्रुवारी २०२० मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं. सुमारे १६,००० चर्चच्या इमारती, त्यातल्या कित्येक मध्ययुगीन. त्यांच्या ऊर्जेचा सर्वांत मोठा भाग हिवाळ्यात इमारत तापवण्यात जातो. आमच्याकडे शनिवारी रात्रीपासून बॉयलर चालू असायचा, रविवारी एका तासाच्या उपासनेसाठी ४० माणसं, आणि सगळी ऊब चाळीस फूट उंच छताला. आता बाकांखाली छोटे विजेचे हीटर बसवले. इमारतीऐवजी माणसं गरम करायची.

'इको चर्च' नावाची योजना आहे, अ रोचा या ख्रिस्ती संस्थेची. उपासना, इमारत, जमीन, समाजकार्य आणि वैयक्तिक राहणी अशा पाच अंगांनी प्रश्न विचारतात आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड देतात. प्रश्न अगदी साधे असतात, पण उत्तर लिहायला बसलं की आपण कुठे आहोत ते कळतं.

अजून एक, पैशाचं. चर्चच्या ठेवी कुठे गुंतवल्या आहेत? इथल्या चर्च कमिशनर्सनी, म्हणजे चर्चची गुंतवणूक सांभाळणाऱ्यांनी, जून २०२३ मध्ये मोठ्या तेल-वायू कंपन्यांतून बाहेर पडायचं जाहीर केलं. भारतातल्या मंडळ्यांकडेही मुदत ठेवी, ट्रस्ट असतात. हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

---

सोलापूर_तरुण_संघ

आम्ही नाताळपासून मंडळीत थर्माकोलची ताटं आणि फ्लेक्स बंद केले. केरळात सीएसआयच्या (चर्च ऑफ साउथ इंडियाच्या) मंडळ्यांमध्ये ग्रीन प्रोटोकॉल पाळतात हे एका भावाकडून कळलं, त्यावरून. स्टीलची २०० ताटं घेतली, धुवायला पुरुषांची पाळी लावली. पाळी लावली नसती तर ते काम आपोआप बायकांवर पडलं असतं.

---

देवराईतला

दफनभूमीचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यांत, भोवतालचं जंगल संपल्यावरही, मूळची झाडं टिकून होती.

इथिओपियात हेच ऑर्थोडॉक्स चर्चच्या भोवती दिसतं. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात वरून पाहिलं तर शेतांच्या तपकिरी पसाऱ्यात गोल हिरवे ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध चर्च. तिथल्या मूळ जंगलाचे ते उरलेसुरले अवशेष. अलेमायेहू वासी या तिथल्याच वनशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला. गुरं आत शिरून रोपं खातात आणि जंगल कडेने झिजत जातं, हे धर्मगुरूंना दाखवलं. मग शेतात अडचण होणारे दगड उचलून लोकांनी चर्चच्या रानाभोवती गडगे रचले. शेतं मोकळी झाली, रान राखलं गेलं.

ताई, तुमची ४० तली ३३ रोपं का मेली? माझा अंदाज, जानेवारीनंतर पाणी नाही आणि कुंपण नाही. दफनभूमीला कुंपण असतं, माणसं नियमित येतात, आपल्या माणसाच्या कबरीला फुलं आणि पाणी घालतात. कडेच्या पट्ट्यात करंज, उंडी, बकुळ अशी किनाऱ्याची झाडं लावा आणि एकेक झाड एकेका कुटुंबाला द्या. कबरींच्या अगदी जवळ मोठ्या मुळांची झाडं मात्र नकोत.

---

आगाशीकर

उंडी म्हटलंत आणि बावखलं आठवली. तरुण वाचकांसाठी सांगतो: पूर्वी घराच्या जोत्यासाठी माती काढली की जो खड्डा राहायचा त्याचं बावखल व्हायचं. पावसाचं पाणी तिथे साचायचं, झिरपायचं, शेजारची विहीर गोडी राहायची. काठाला उंडी, आंबा. वसईत अशी कित्येक होती. भाव वाढला तशी बुजवली. जुलै २०१८ मध्ये गाड्या बंद पडल्या, मिठागरांत माणसं अडकली, तेव्हा सगळे विचारत होते पाणी एवढं कुठून आलं. पाऊस जास्त होताच, पण पाण्याची जागा आपण विकली होती.

चर्चच्या मागे एक बावखल होतं ना, ताई? तुमच्या गावात असेलच.

---

वाडीची_लेक

होतं. वडील सांगतात ते तिथेच पोहायला शिकले. आता अर्धं भरलेलं आहे, काठाचा काही भाग चर्चचा, बाकी तीन कुटुंबांचा. त्यातलं एक कुटुंब परदेशी.

---

वाडीची_लेक

सहा आठवड्यांनी परत आले. काल सभा झाली, जे झालं ते सांगते.

मी भाषण केलं नाही. मिस्सा झाल्यावर विहिरीचं पाणी एका काचेच्या ग्लासात आणि चर्चच्या छपराचं मागच्या पावसात बादलीत धरून ठेवलेलं पाणी दुसऱ्या ग्लासात ठेवलं, टीडीएस मीटर शेजारी. ज्याला मोजायचं त्याने मोजावं. विहीर: १,६४०. छप्पर: २२. लहान मुलांनी पंधरा-वीस वेळा मोजलं. ठराव मांडणाऱ्या काकांनीही मोजलं, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

सभेत ग्रेस मावशी उठल्या. म्हणाल्या, मला कोरडी वाट हवी, सगळं अंगण नको. त्यानंतर वाद फारसा उरला नाही. फाटक ते दार आणि दार ते दफनभूमी एवढाच पट्टा होणार, सांधे मोकळे ठेवून. देणगीदाराने उरलेले पैसे पन्हळ आणि पाइपांना द्यायचं कबूल केलं. चिंच राहिली. छताचं माप घेतलं, ४३० चौ.मी. भरलं. पाणी आधी गाळणीच्या टाकीत, मग विहिरीत. दफनभूमीचा उतार आणि सेप्टिक टाकी दुसऱ्या बाजूला आहे, ते पाहून घेतलं.

सगळं जमलं असं नाही. सौर पॅनलचा विषय पुढे ढकलला. चर्चमध्ये वीज लागते ती मुख्यतः रविवारी, म्हणून शेजारच्या शाळेसोबत मिळून करावं असं मत पडलं. लग्नातल्या फटाक्यांवर एकमत झालं नाही, दोन जण उठून गेले. मला वाईट वाटलं, कारण त्यातली एक माझी चुलत बहीण आहे.

बावखलाच्या दोन कुटुंबांशी बोलणं झालं. गाळ काढायला हरकत नाही म्हणाले, कागदावर मात्र काही लिहून देणार नाहीत. परदेशातल्या कुटुंबाला पत्र लिहिलं आहे. आगाशीकर काका, तुम्ही आणि तुमच्या आळीतले कोणी शनिवारी सकाळी सात वाजता आलात तर बरं होईल. घमेली आमच्याकडे आहेत, फावडी कमी पडतील.

पाझरदादा, गाळणीत वाळू, खडी, कोळसा यांचा क्रम काय?

---

आगाशीकर

सहा जण येतो. फावडी चार आणतो.

---

पाझर

तळाशी मोठी खडी, त्यावर बारीक खडी, मग कोळसा, सगळ्यात वर जाड वाळू. वाळूवर नायलॉनची जाळी टाका म्हणजे पानं वरच्या वर काढता येतील. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी वरची चार बोटं वाळू धुवायची, हे काम आत्ताच कोणाच्या तरी नावावर लिहा. आणि गाळणीच्या आधी एक झडप हवीच. पहिले दोन पाऊस बाहेर सोडून द्या. वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण त्यात असते. तिसऱ्या पावसाला झडप फिरवा. नोव्हेंबरात आणि मेमध्ये टीडीएस मोजून इथे टाका.